कपाट क्रमांक चार

मागच्या अंकात मी आमच्या कॉलेजच्या संग्रहालयाविषयी दोन पानं लिहिली होती. दोन खोल्या, नऊ कपाटं. पहिल्या कपाटात दगडी हत्यारं, शेवटच्यात छपाईचे शिशाचे खिळे. माणूस कुठून आला आणि इथवर येताना त्याने काय काय केलं हे सगळं तेवढ्यात बसवायचं, म्हणजे लग्नाचं वऱ्हाड एका रिक्षात बसवण्यासारखंच. तिथे मी २९ वर्षं संग्रहालय सहायक होते. पद एकच, पण काम झाडलोटीपासून कवट्यांवर ब्रश फिरवण्यापर्यंत सगळं.

लेख वाचून पत्रं आली. कौतुकाची मी ठेवून घेतली आहेत. बाकीच्यांना ही उत्तरं.

प्रश्न : लेख वाचून नातवाला घेऊन संग्रहालयात गेलो. ल्यूसी, पेकिंग मानव, नर्मदेचा माणूस, सगळे प्लास्टरचे निघाले. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'प्रतिकृती' लिहिलंय. प्लास्टरच बघायचं तर पेणला काय कमी आहे?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, चिंचवड

सर, मुंगीएवढं अक्षर माझंच आहे. पाटी लहान होती आणि नाव लांब होतं, एवढाच बचाव. पण 'निघाले' हा शब्द तुम्ही असा लिहिलाय, जणू आम्ही पेढ्यात बटाटा घातला.

खरी ल्यूसी इथिओपियात, अदिस अबाबाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या एका प्राचीन नातेवाईक मादीचा हा सांगाडा, १९७४ साली हदार इथे सापडलेला. वय सुमारे ३२ लाख वर्षं आणि सांगाड्याचा जेमतेम ४० टक्के भाग. नर्मदेची कवटी म्हणजे कवटीचा वरचा निम्माशिम्मा तुकडा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना डिसेंबर १९८२ मध्ये मध्य प्रदेशात हथनोरा गावाजवळ तो मिळाला. अशा वस्तू एकेकच असतात. त्या कुणी आमच्या जिन्यावरून वर आणून देणार नाही, आणि देऊही नये. आमच्या छतातून पावसाळ्यात काय काय गळतं ते मी पाहिलंय.

आता पेकिंग मानवाची गोष्ट. बीजिंगजवळ झोऊकोऊदियनच्या गुहेत सापडलेल्या आदिमानवाच्या त्या कवट्या १९४१ च्या डिसेंबरात, युद्धाच्या धामधुमीत, अमेरिकेला पाठवायला म्हणून पेट्यांत भरल्या आणि त्या पेट्या गायब झाल्या. आजतागायत पत्ता नाही. पण त्याआधी कुणीतरी निगुतीने त्यांचे साचे काढून ठेवले होते. आज जगभर त्या कवट्यांचा अभ्यास होतो तो त्या साच्यांवर, तेव्हाच्या चित्रांवर आणि वर्णनांवर. म्हणजे मूळ गेलं आणि प्लास्टरच मूळ होऊन बसलं.

याच्या अगदी उलट प्रकार इंग्लंडात झाला. १९१२ साली पिल्टडाउन नावाच्या गावातून 'पहिल्या इंग्रजा'ची हाडं निघाली. अस्सल हाडं, काचेच्या पेटीत, कडेकोट बंदोबस्तात. ४१ वर्षांनी, १९५३ मध्ये कळलं की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा आणि दात कानशीने घासलेले. हाडं खरी होती, माणूस खोटा होता. घासल्याच्या खुणा मूळ दातांवर सूक्ष्मदर्शक लावल्यावर दिसल्या. नुसत्या साच्यांवर त्या कळणं अवघड, हेही कबूल करते. साच्यावरून आकार कळतो, हाडाच्या पोटातलं कळत नाही.

आकारच बघायचा असेल तर पुढच्या वेळी नातवाला ल्यूसीच्या मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक दाखवा. ते सरळ खाली येत नाही, आतल्या बाजूला तिरकं येतं. मग त्याला पाय जुळवून आरशासमोर उभं करा. कमरेपाशी मांड्या लांब, गुडघ्यापाशी जवळ. दोन पायांवर चालताना तोल मधोमध राहायला हा तिरकेपणा लागतो. चिंपांझीचं हाड बरंच सरळ असतं, म्हणून तो दोन पायांवर चालला की इकडून तिकडे झुलतो. एवढं प्लास्टरमध्ये व्यवस्थित दिसतं.

प्रश्न : ताई, आमचं रान घोड नदीच्या काठाला आहे. नांगरट केली की पांढुरक्या, दुधी काचेसारख्या चपट्या कपच्या निघतात. बोटाएवढ्या लांब, दोन्ही कडांना धार. पोराने डबाभर जमवल्यात. ही आदिमानवाची हत्यारं का? पुण्याचा एक जण एका नगाला पाचशे द्यायला तयार आहे.
— एक शेतकरी, शिरूर तालुका

दादा, पाचशेवाल्याला आधी वाटेला लावा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, त्यासाठी १९७२ चा कायदा आहे. जमिनीतून निघालेल्या ठेव्यासाठी तर १८७८ पासूनचा आहे. दहा रुपयांच्या वरची चीज सापडली तर कलेक्टरला कळवायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. दहा रुपये तेव्हाचे.

आता कपच्यांचं. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, लाव्हा थंड होऊन झालेला. त्याच्या पोकळ्यांत गारगोट्या आणि अकीक तयार होतात, दगड झिजला की मोकळ्या होऊन नदीला लागतात. तेव्हा दुधी दगड सापडला की हत्यार असं नाही. ट्रॅक्टरच्या फाळाखाली फुटलेली गारगोटीही धारदार असते. आजोबांच्या चकमकीचा तुकडाही असू शकतो.

बघायचं ते असं. कपची उन्हात तिरकी धरा. एका टोकाला, सपाट बाजूवर, मसुराच्या डाळीसारखा गुळगुळीत फुगवटा बोटाला लागतो का? नेमका ठोका देऊन काढलेल्या कपचीला तो असतो. दुसऱ्या बाजूवर लांबीला समांतर एक-दोन धारा आहेत का? त्या आधी काढलेल्या कपच्यांच्या खुणा. एकाच गाभ्यावरून एकामागून एक पाती सोलत गेल्यावर असं होतं, गाजराचे काप काढावेत तसं. एक तुकडा असा निघाला तर योगायोग म्हणा. डब्यातले वीस-पंचवीस असेच असतील तर कुणीतरी तुमच्या रानात बसून काम केलंय.

आणि तुमच्या बाबतीत ते असण्याचा संभव बराच आहे. तुमच्याच तालुक्यात, त्याच घोड नदीवर, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे खोदकाम केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं अख्खं गाव निघालं. घरं, चुली, कणग्या, कुंभाराची भट्टी, पाण्याचा पाट. ती माणसं तांबं वापरत होती, पण तांबं महाग. रोजच्या कापाकापीला हीच दगडी पाती. तेव्हा 'आदिमानव' म्हणू नका. सातू पेरणारा, बैल बाळगणारा शेतकरी होता तो, तुमच्यासारखा.

दगड ओळखण्यावरून एक आठवलं. मुलांना हाताळायला म्हणून एक नंबर नसलेली हातकुऱ्हाड मी घरी आणली होती. काळ्या दगडाची, तळहाताएवढी, जड. कुणीतरी कॉलेजला दिलेली, कुठली ते रजिस्टरमध्ये नाही. त्याच दिवशी आमच्या गल्लीत टाकीवाली आली, 'पाट्याला टाकी लावायची का' करत. पाटा तिच्यापुढे ठेवला आणि सहज ती कुऱ्हाड दाखवली. तिने छिन्नी खाली ठेवली. दगड दोन्ही हातांत फिरवला. अंगठा एका खळग्यात बसवला आणि म्हणाली, "हितं ठोका बसलाय, हितनं कपची उडाली." मग पलटून दुसरी कड दाखवली. तिथे कपची पुरती न निघता मध्येच पायरीसारखी तुटली होती. "हितं चुकलं त्याचं. मग टाकून दिला." आमच्याकडे येऊन गेलेल्या तज्ज्ञांनी त्या दगडावर जे सांगितलं होतं ते याहून वेगळं नव्हतं, फक्त त्याला पाऊण तास लागला होता.

पण कुठल्या नदीचा, कुठल्या थरातला, हे तीही सांगू शकली नाही आणि तेही नाहीत. ते दगडावर लिहिलेलं नसतं. तुमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठी बोरी गावाला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सोबतीला दगडी हत्यारं. राख सुमात्रातल्या तोबाच्या स्फोटाची, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची, की त्याहून कितीतरी लाख वर्षं जुनी, यावर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले आहेत. सगळं भांडण एवढ्यावर, की हत्यार नेमकं कुठे पडलेलं होतं आणि राखेशी त्याचा संबंध काय. कुणी ते उचलून डब्यात टाकलं असतं तर भांडायलाही काही उरलं नसतं.

म्हणून पोराला सांगा, आता नवीन उचलायचं नाही. जागेवरच, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायचा आणि वहीत गट नंबर, बांधापासून किती पावलं, तारीख लिहायची. डब्यातल्या कपच्या कुठल्या वावरातल्या ते त्याला आठवत असेल तोवर लिहून घ्या. मग तहसील कचेरीत कळवा, आणि डब्यासकट डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात जा. रान जप्त होईल ही भीती मनातून काढा. अशा कपच्या सापडल्या म्हणून कुणाचं रान गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

प्रश्न : तुमचा लेख वाचून डेक्कन कॉलेजचंही संग्रहालय बघावं म्हणून डेक्कनला उतरले. तासभर विचारत फिरले. कुणी गरवारेला पाठवलं, कुणी फर्ग्युसनला.
— एक वाचक, मिरज

अगंबाई. डेक्कन कॉलेज येरवड्यात आहे हो. डेक्कन म्हणजे डेक्कन जिमखाना, नदीच्या अलीकडे, आणि त्याचा या कॉलेजशी नावापलीकडे संबंध नाही. पुणेकरांना हे पाळण्यातच कळतं, म्हणून ते लिहायचं मला सुचलं नाही. स्टेशनवरून रिक्षावाल्याला 'येरवड्याचं डेक्कन कॉलेज' असं पूर्ण सांगायचं.

१८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा हे त्याचं मूळ. टिळक तिथले विद्यार्थी. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केलं, माजी विद्यार्थी कोर्टात भांडले आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. सांकलिया आणि इरावती कर्वे दोघंही त्याच वर्षी रुजू झाले. पुरातत्त्वाचं आणि मराठ्यांच्या इतिहासाचं अशी दोन संग्रहालयं आवारात आहेत. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, कॉलेजची संग्रहालयं कॉलेजच्या सुट्ट्या पाळतात. आणि जोर्वे संस्कृतीचं, म्हणजे वर सांगितलेल्या इनामगावकरांच्या काळातलं, तोटीचं भांडं बघितल्याशिवाय निघू नका. चाकावर केलेलं, केशरट लाल, वर काळी नक्षी. ही भांडी इतकी पक्की भाजलेली असतात की टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. (तिथे टिचकी मारू नका.)

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची. शाळेच्या सहलीत तुमच्या संग्रहालयात तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण बघून आली. आत बाळ पुरायचे असं बाईंनी सांगितलं. तेव्हापासून रात्री माझा हात सोडत नाही. लहान मुलांना हे दाखवायचं कशाला?
— एक आई, हडपसर

ताई, आधी तिला सांगा की आमच्या रांजणांत कुणी नाही. ते कुंभारवाड्यात करून घेतलेले आहेत. आत मी स्वतः हात घालून धूळ पुसलेली आहे. एकदा पाल निघाली होती, तेवढंच.

दाखवायचं कशाला, या प्रश्नावर आमच्याकडे पूर्वी वाद झाला होता आणि मी न दाखवण्याच्या बाजूची होते. नंतर माझं मत बदललं. ते का, ते सांगते.

इनामगावच्या लोकांत मोठी माणसं गेली की खड्ड्यात उताणी निजवून पुरत. बहुतेकांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. का, ते नक्की कुणी सांगू शकत नाही. गेलेल्याने उठून जाऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. लहान मुलांचं मात्र वेगळं. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, मध्ये बाळ. आणि ही जागा गावाबाहेर नाही. घरातच, जमिनीखाली किंवा अंगणात. वर त्या घराची रोजची वहिवाट चालू. चूल पेटत होती, धान्य दळलं जात होतं, आणि त्याच जमिनीखाली हातभर अंतरावर बाळ होतं.

दात यायच्या आत मूल गेलं तर आपल्याकडेही दहन करत नाहीत, पुरतात. माझ्या आजोळी परसात एक तुळशीवृंदावन होतं, अंगणातल्या नेहमीच्या वृंदावनापेक्षा वेगळं, लहान. आजी तिथे रोज पाणी घालायची आणि कुणाशी बोलायची नाही. ते कशाचं, हे मला कळलं तेव्हा मी तिशीत होते. आता यावरून तीन हजार वर्षांची अखंड परंपरा वगैरे कुणी सांगू लागलं तर मी मान्य करणार नाही, मधल्या दुव्यांचा पुरावा नाही. पण रांजण बघितले की मला आजीचा तांब्या दिसतो, त्याला काय करू?

नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. एरवी धागा कुजून जातो. तांब्याला चढलेल्या गंजाने इथे मण्यांच्या भोकातला दोरा राखला. आपण मुलांच्या गळ्यात ताईत बांधतो तसं कुणीतरी ते ओवलं होतं. मुलीला रांजणांऐवजी ही माळ सांगा. आणि हात धरत असेल तर धरू द्या, नऊचीच आहे.

प्रश्न : माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून आहेत कशी? मुलाने विचारलं. मी 'गप जेव' म्हणालो.
— एक बाबा, कर्वेनगर

जेवतानाच विचारलं हे बरं झालं, कारण उत्तर दातांत आहे. तोंडात चांदी भरलेली नसेल तर खालची पहिली दाढ आरशात बघा. वर पाच उंचवटे आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या घळी दिसतील. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या खालच्या दाढा याच घडणीच्या. आता भीमाशंकरच्या वाटेवरच्या काळतोंड्या वानराची दाढ घ्या. त्याला चार उंचवटे, तेही दोन-दोन जोडून, शेताला घातलेल्या दोन बांधांसारखे. दात त्यालाही ३२ च, पण घडण वेगळी.

म्हणजे वानराचं आणि आपलं घराणं फार आधी, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. चिंपांझीचं आणि आपलं ६०-७० लाख वर्षांपूर्वी. फाटा फुटला त्या जागी जो प्राणी होता तो आजचं माकडही नव्हता आणि आजचा माणूसही. वानर तिथेच थांबलं आणि आपण पुढे आलो असं झालेलं नाही. तेही तेवढीच वर्षं बदलत आलंय. पानं पचवायला त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं झालं. आपल्याला तसं एक मिळालं असतं तर मेथीच्या भाजीवरून घरोघरी एवढी रडारड झाली नसती.

प्रश्न : मी आंबेगाव तालुक्यातला, महादेव कोळी समाजाचा. पुण्यात शिकतो. मित्रांबरोबर तुमच्या संग्रहालयात आलो होतो. कपाट क्रमांक चारमध्ये पावसात पाठीवर घ्यायचं इरलं ठेवलंय. वर पाटी, 'आदिम जीवन'. डावीकडे दगडी कुऱ्हाडी, उजवीकडे मडकी. माझी आई दर पावसात इरलं घेऊन भाताच्या आवणीला उभी राहते. तिला बचत गटाचा हिशेब येतो, तिचा मोबाइल माझ्यापेक्षा चांगला आहे. मित्र काही बोलले नाहीत, पण मी त्या कपाटासमोरून पुढे सरकलो. तुमच्या लेखात त्या कपाटाचं कौतुक आहे. मला ते आवडलं नाही.
— एक विद्यार्थी

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, आणि यात माझा हात किती ते आधी सांगते. ती पाटी माझ्या आधीपासूनची. पण १९९८ मध्ये रंग उडाला तेव्हा ती मीच पुन्हा रंगवली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर. 'आ'चा काना छान उतरला म्हणून खूश झाल्याचं मला आठवतं. शब्द मी वाचलेच नाहीत.

कपाटांचा तो क्रम आमच्या कॉलेजने शोधलेला नाही, तो आयता आला. साधं आधी, गुंतागुंतीचं नंतर, अशा ओळीत वस्तू मांडायच्या ही एकोणिसाव्या शतकातली रीत. ऑक्सफर्डला १८८४ साली पिट-रिव्हर्स या इंग्रज संग्राहकाचा संग्रह गेला तो अशाच मांडणीचा. ओळीत मांडलं की जिना तयार होतो, आणि जिना झाला की कुणीतरी खालच्या पायरीवर उभं करावं लागतं. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत, पण ती पुरेशी नसतात. मग जिवंत माणसांच्या घरातली वस्तू आणून मधली जागा भरायची. इरलं तसं त्या कपाटात गेलं.

त्याच भिंतीवर पूर्वी एक तक्ता होता, 'भारतातील मानववंश', नाकांच्या चित्रांसह. तो तुम्ही पाहिला नाहीत हे बरं झालं. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले, त्याचा ठाम समज होता की नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी सांगता येते. तसले तक्ते पुढे कितीतरी वर्षं वर्गावर्गांत टांगलेले होते. गंमत म्हणजे, इरावतीबाईंनी १९३० च्या आसपास बर्लिनमध्ये कवट्या मोजून पीएच.डी. केली. युरोपीय कवट्यांची ठेवण वेगळी निघावी अशी त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांची अपेक्षा होती. बाईंच्या मोजमापात ती उतरली नाही, आणि नाही उतरली असंच त्यांनी लिहिलं. इथे परतल्यावर त्यांनीही माणसं मोजणं सोडलं नाही, हेही खरं. आमचा तक्ता मात्र २००४ पर्यंत भिंतीवर होता. तो उतरवला तो विचार करून नव्हे, भिंतीला ओल आली म्हणून.

तुमचं पत्र घेऊन मी गेल्या बुधवारी कॉलेजात गेले. आता तिथे जे काम बघतात ते माझ्यापेक्षा वयाने निम्मे आणि ऐकून घेणारे आहेत. कपाट चार उघडलं. इरलं बाहेर काढलं तर पाठीवरची पानं कुरकुरीत झालेली, हात लावला की चुरा. पण बांबूची वीण जशीच्या तशी. षट्कोनी भोकांची, एकही कांबीट सैल नाही. दोघांनी मिळून ते मी डोक्यावर घेऊन बघितलं, २९ वर्षांत पहिल्यांदा. सरळ उभं राहिलं की ते गैरसोयीचं वाटतं, मागे ओढतं. वाकले, आणि ते पाठीवर बसलं. दोन्ही हात मोकळे, कमरेपर्यंत झाकलेलं. छत्रीने हे होत नाही आणि रेनकोटात घामाने भिजायला होतं. दिवसभर ओणवं राहून रोपं लावायची असतील तर काय लागेल, याचा कुणीतरी पुरता विचार करून ते बनवलेलं आहे. आम्ही इतकी वर्षं ते खुंटीला उभं टांगलं होतं. उभं टांगल्यावर ते कसं कळणार?

ते आता सातव्या कपाटात गेलंय. तिथे घोंगडी होती आणि लाकडी दांड्याची एक काळी छत्री. पाटी नवीन केली, 'पाऊस'. इरलं आडवं, ओणव्या माणसाच्या पाठीवर असतं तसं, तारेच्या सांगाड्यावर ठेवलंय. 'आदिम जीवन' ही पाटी उतरवली. फेकली नाही, मी घरी आणली आहे. तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

एक काम मात्र अडलंय. रजिस्टरमध्ये इरल्याची नोंद एका ओळीची आहे : 'पावसाचे आच्छादन, आदिवासी, घाटमाथा. किंमत रु. २.' कुणाकडून घेतलं, कुठल्या गावचं, कुणी विणलं, काही नाही. शिरूरच्या दादांना मी वर गट नंबर लिहायचा उपदेश केला, आणि आमच्याच घरात ही गत. पानं कुठल्या झाडाची तेही नाही, आणि चुऱ्यावरून आम्हाला ओळखता आली नाहीत.

तेव्हा आईंना विचाराल का? पानं कुठली घालतात, कधी तोडतात, किती पावसाळे टिकतात. कांबिटं कोण काढतं आणि वीण कोण घालतं, बाई की बुवा. आतून घालायच्या भागाला वेगळं नाव आहे का. त्यांच्या शब्दांत जसं सांगतील तसं लिहून पाठवा, पुणेरी करू नका. त्यांची हरकत नसेल तर पाटीवर त्यांचं आणि गावाचं नाव घालायचं आहे. आवणी संपल्यावर त्यांना वेळ झाला आणि यावंसं वाटलं तर दोघं या. जिना अवघड आहे, पण मी खाली थांबेन.